पिग्मीवाले काका आणि रोजची दोन पानं

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

तुमच्या मागच्या रविवारच्या पुरवणीत मोठी स्वप्नं आणि रोजची छोटी टार्गेटं यावर जो लेख आला होता तो मी दुकानात बसून दोनदा वाचला, एकदा गिऱ्हाईक नव्हतं म्हणून आणि दुसऱ्यांदा राग आला म्हणून. लेख वाईट होता असं नाही म्हणणार. रोज थोडं थोडं केलं की मोठं काम होतं हे खरंय, माझ्याच बाबतीत झालंय. पण सगळा लेख जिद्द, इच्छाशक्ती, पहाटे पाचला उठणं आणि मोबाईलमधलं अॅप ह्याच्यावरच, आणि मी शोधत बसले की अहो ह्यात तो रोज दारात येणारा माणूस कुठंय? म्हणून हे पत्र. लांबलं तर खुशाल कापा, पण काकांचं कापू नका.

माझं लोणंदला साडीला फॉल-पिको करायचं दुकान आहे, दुकान म्हणजे आठ बाय दहाचा गाळा. लग्न झालं तेव्हा दहावी पास होते, पुढं शिकायचं होतं, राहिलं. मालक कांदा मार्केटला कामाला. २००० साली मी गाळा घेतला तेव्हा माझ्याकडं एक साधी शिलाई मशीन होती आणि पिकोचं काम मी दुसऱ्याकडून करून आणायची, त्यात अर्धे पैसे त्यालाच जायचे. त्याच वर्षी पावसाळ्याच्या तोंडाला पिग्मीवाले काका पहिल्यांदा लुना लावून पायरीवर येऊन उभे राहिले.

तरुण वाचकांना पिग्मी माहीत नसेल तर सांगते. पतसंस्थेचा किंवा बँकेचा एजंट रोज दुकानात येतो, तुम्ही दहा द्या वीस द्या शंभर द्या, तो पावती फाडतो, कार्डावर लिहितो, आणि वर्षानं नाहीतर जेवढी मुदत असेल तेव्हा ते सगळं एकदम हातात येतं. व्याज म्हणाल तर नावाला, आणि वर्षाच्या आत मोडलं तर उलट कमिशन कापून घेतात. म्हणजे हिशेबानं बघितलं तर तोट्याचाच धंदा, माझा पुतण्या बँकिंगचे क्लास करतो त्यानं मला कागदावर मांडून दाखवलंय. मी त्याला म्हणलं बरोबर आहे तुझं, पण तो कागद रोज साडेचारला माझ्या दारात येत नाही ना.

ह्या पिग्मीची सुरुवात कर्नाटकातली, उडुपीची. काका सांगायचे ते मला आधी थापा वाटायच्या पण नंतर वाचलं तर खरं निघालं. तिथं हातमागवाल्या विणकरांचे हाल चालले होते म्हणून १९२५ साली उपेंद्र पै, वामन कुडवा आणि डॉ. टी. एम. ए. पै ह्या तिघांनी आठ हजार रुपये भांडवलावर एक छोटी बँक काढली, तीच पुढं सिंडिकेट बँक झाली. १९२८ ला त्यांनी पिग्मी चालू केली, रोज दोन आणे, आणि ते न्यायला एजंट घरी येणार. बँकेत जायला लाजणाऱ्या, अंगठा उठवणाऱ्या माणसाच्या दारात बँक आली. २०२० च्या १ एप्रिलला ती बँक कॅनरा बँकेत विलीन झाली, पण पिग्मी हा शब्द आमच्या बाजारपेठेत असा मुरलाय की तो इंग्रजी आहे हे पण कुणाच्या ध्यानात नाही. आमच्या शेजारचा पानवाला तर बायकोला म्हणतो, तुझी रोजची किटकिट म्हणजे माझी पिग्मी.

तर पहिल्या दिवशी काय झालं ते ऐका, कारण सगळी गंमत तिथंच आहे. नवीन गाळा, नवीन हौस, मी म्हणलं काका रोज पन्नास लिहा. काकांनी पेन उघडलंच नाही. म्हणाले, ताई, आषाढ चालू आहे, लग्नसराई संपलीय, पाऊस आहे, दिवसभरात एक साडी आली नाही, त्यातनं पोरगं तापानं फणफणलंय, त्या दिवशी मी आलो तर किती द्याल? मी गप्प. म्हणलं दहा. त्यांनी दहा लिहिले. म्हणाले चांगल्या दिवशी जास्त द्या की, मी कुठं नको म्हणतोय, पण ठरवताना वाईट दिवसावर ठरवायचं. आता तुमच्या लेखात काय लिहिलंय, तर टार्गेट असं ठेवा की ते गाठताना थोडं ताणलं गेलं पाहिजे. अहो ताणूनच तर तुटतं. माणूस एक जानेवारीला, पोटभर जेवून, झोप झालेली असताना ठरवतो की रोज तासभर व्यायाम आणि पन्नास पानं वाचन, आणि मग सतरा तारखेला लाईट गेलेली असते, पाहुणे आलेले असतात, दाढ दुखत असते, आणि तिथंच सगळं बसतं. एकदा बसलं की परत उठायची लाज वाटते, ती वेगळीच.

दहा रुपयांचे वर्षाला ३६५० व्हायला पाहिजेत, माझे ३४०० च्या आसपास झाले कारण काही दिवस दुकान बंद, काही दिवस खरंच नव्हते. त्यात थोडी भर घालून जुनी पिको मशीन घेतली. दुसऱ्याकडं जाणारे पैसे घरात राहायला लागले. मग वीस केले. हे मी अगदी थोडक्यात सांगतेय कारण ह्यात काही मोठं नाही, आमच्या गल्लीतल्या निम्म्या दुकानांची हीच गोष्ट आहे, कुणी काउंटर केलं, कुणी फ्रीज, कुणी पोरीचं लग्न.

पण एक वाईट पण सांगितलं पाहिजे. ज्या पतसंस्थेत ते पैसे जात होते ती पतसंस्था बुडाली. नाव लिहीत नाही, त्या संचालकांची पोरं आता मोठ्या गाड्यांतनं फिरतात आणि आम्ही ओळखीचे असल्यासारखे नमस्कार करतो. माझे चौदा हजार अडकले, आठ-नऊ वर्षांत तुकड्या तुकड्यानं पाच मिळाले, बाकी गेले. त्यामुळं रोजच्या छोट्या बचतीचं गुणगान करणाऱ्यांनी हे पण सांगावं की पतसंस्था वेगळी आणि बँक वेगळी. बँकेतल्या, म्हणजे अगदी सहकारी बँकेतल्या सुद्धा ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो (२०२० च्या फेब्रुवारीपर्यंत तो १ लाखच होता), पतसंस्थेतल्या ठेवीला तो विमा नाही. आम्हाला हे पैसे बुडाल्यावर कळलं. नुसतं रोज टाकत राहिलं आणि कुठं टाकतोय ते बघितलंच नाही तर काय होतं त्याचं उदाहरण म्हणजे आमची अख्खी पेठ.

काका त्या वेळी पंधरा दिवस दिसले नाहीत. मग आले, पावती पुस्तक नव्हतं, पायरीवर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले ताई माझे पण गेले. त्यांचं कमिशन गेलं, स्वतःची ठेव गेली आणि वर लोकांच्या शिव्या, कारण लोकांना चेअरमन कोण ते माहीत नसतं, तोंड एजंटचं माहीत असतं. मी पण दोन शब्द बोललेच होते पाठीमागं. पुढं दीड वर्षानं ते एका बँकेची पिग्मी घ्यायला लागले आणि परत साडेचारला लुना दारात. मी परत दहापासून चालू केलं. का केलं ते मला नीट सांगता येणार नाही. माणूस तोच होता म्हणून असेल.

आता अभ्यासाचं. २०११ ला माझ्या मोठ्या मुलीची दहावी झाली, तिची अकरावीची पुस्तकं घरात आली आणि मी ती रात्री चाळायला लागले. एक बाई साडी घेऊन यायच्या, शिक्षिका, त्या म्हणाल्या अहो १७ नंबरचा फॉर्म भरा की, बाहेरून बारावीला बसता येतं. मी हसले. पण ते डोक्यात राहिलं आणि बोलता बोलता काकांना सांगितलं. काकांनी पहिल्या दिवसासारखंच विचारलं, वाईट दिवशी किती पानं होतील? मी म्हणलं दोन. झालं, दुसऱ्या दिवसापासून वीस रुपये घेतले की विचारायचे, आणि दोन पानं? झाली म्हणलं की पिग्मी कार्डाच्या मागच्या बाजूला पेनानं एक बारीक टिक. नाही म्हणलं की काही बोलायचे नाहीत, टिक नाही मारायचे, लुनाला किक. ते जे काही न बोलणं होतं ना, त्याची मला जेवढी धास्ती होती तेवढी परीक्षेची नव्हती. कितीतरी वेळा सव्वाचारला गिऱ्हाईकाला पाच मिनिटं थांबवून मी इतिहासाचं पान उलटलंय, फक्त त्या टिकसाठी. एकदा खोटं पण बोलले. काकांनी टिक मारली आणि जाताना विचारलं, काय होतं हो त्या पानावर? मला काय सांगता आलं नाही. त्यांनी टिक खोडली नाही, पण मी दुसऱ्या दिवशी चार पानं वाचली.

ते स्वतः सातवी शिकलेले होते, हे मला फार उशिरा कळलं.

बारावी २०१३ ला झाले, ५८ टक्के, वय ४०. मग नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं बी.ए., रविवारी केंद्रावर जायचं, गृहपाठ लिहायचे. त्यांची पुस्तकं मला फार आवडली कारण ती मुळातच घटक घटक करून लिहिलेली असतात, घरी एकट्यानं वाचणाऱ्या माणसाला समोर धरून, मध्ये मध्ये थांबून प्रश्न विचारतात, म्हणजे काकांसारखंच. इंग्रजीत एकदा गचकले, त्यामुळं तीनची चार वर्षं लागली, २०१७ ला पदवी हातात आली. सासूबाई म्हणाल्या आता काय कलेक्टर होणारेस का? नाही झाले. अजून फॉल-पिकोच करतेय आणि बचत गटाचा हिशेब लिहितेय. पदवीनं उत्पन्न एक रुपयानं वाढलेलं नाही, हे मुद्दाम लिहितेय कारण असल्या लेखांमध्ये शेवटी माणूस नेहमी कुठल्यातरी कंपनीचा मालक होतो. मला शिकायचं होतं, मी शिकले, एवढंच होतं ते.

बी.ए. करताना मला महामहोपाध्याय पां. वा. काणे हे नाव पहिल्यांदा भेटलं. मुंबईत वकिली करणारा माणूस, आणि धर्मशास्त्राचा इतिहास लिहायला बसला, पहिला खंड १९३० ला आला आणि शेवटचा १९६२ ला, तेव्हा त्यांचं वय ८२. पुढच्या वर्षी भारतरत्न. एकूण साडेसहा हजारांवर पानं. मी दुकानातल्या कॅल्क्युलेटरवर हिशेब केला, पहिल्यापासून शेवटच्या खंडापर्यंत बत्तीस वर्षांचे दिवस ११ हजार ६८०, म्हणजे रोजचं अर्ध्या पानाच्या जरा वर! हे बघून मला इतका आनंद झाला की मी सगळ्यांना सांगत सुटले. मग आमच्या केंद्रावरच्या सरांनी तो आनंद जरा खाली उतरवला, म्हणाले ते अर्धं पान लिहायला आधी किती हजार पानं संस्कृतातली वाचावी लागली असतील ते पण धरा की हिशेबात. बरोबर आहे. काण्यांचं अर्धं पान आणि माझी दोन पानं ह्याची बरोबरी नाही. तरीपण तो ढीग एका रात्रीत झाला नाही हे कळून मला बरं वाटलं ते वाटलंच.

आता तुम्ही म्हणाल लोणंदची बाई पत्र लिहिते आणि पालखीचं नाव नाही असं कसं होईल. तर आहे. माउलींची पालखी नीरेचं स्नान झालं की आमच्या गावात मुक्कामाला येते, मी लग्न होऊन आल्यापासून बघतेय. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटर म्हणलं तर माझ्या गुडघ्यांना ऐकूनच कळ येते, पण वारकऱ्याला विचारा कुठं निघालाय माउली, तर एखादा म्हणतो तरडगाव. पंढरपूर नाही म्हणत, तरडगाव म्हणतो! उद्याचा मुक्काम. आणि तो उद्याचा टप्पा काय रोज सारखा असतो का? पुण्याहून सासवडला दिवे घाट चढून तीसेक किलोमीटर मोडतात, आणि आमच्या लोणंदहून तरडगावला त्यामानानं अगदी थोडकं चालायचं असतं, त्यात पण चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण बघत थांबायचं. पुण्यात, सासवडला मुक्कामच जास्त. ही आखणी हैबतबाबा आरफळकरांच्या परंपरेतली, म्हणजे आमच्या सातारा जिल्ह्यातल्याच माणसानं घालून दिलेली. आणि मुख्य म्हणजे कुणी एकटं चालत नाही, दिंडी असते, तिला नंबर असतो, संध्याकाळी कोण आलं कोण मागं राहिलं ते बघणारं कुणीतरी असतं. पुरवणीतल्या लेखात एकटा माणूस आरशासमोर उभा राहून स्वतःला वचन देतो. आमच्याकडं असं कुणी एकट्यानं काही केलेलं मला तरी आठवत नाही.

अजून एक गोष्ट त्या लेखकानं कधी विचारात घेतली होती का माहीत नाही. रोज एक तास स्वतःसाठी काढा, म्हणे. बाईचा कुठला तास तिचा असतो? माझ्या दोन पानांना कधी सलग वेळ मिळालाच नाही, एक पान कुकरच्या शिट्टीवर आणि एक पान दुकानात. आणि ज्याला रोज सकाळी नाक्यावर उभं राहून आज काम मिळतंय का नाही ते बघायचंय त्याला तुम्ही कसलं डेली टार्गेट सांगणार. माझे भाऊ बिगारी काम करायचे, त्यांच्या नावावर काकांनी कधी पिग्मी काढली नाही, म्हणाले ताई ह्यांना रोज मागणं म्हणजे रोज लाजवणं आहे, ह्यांचं आठवड्यानं बाजारच्या दिवशी बघू. केवढी अक्कल होती त्या माणसाला.

काकांचं आता फिरणं बंद आहे, गुडघे गेलेत, पुण्याला पोराकडं असतात. त्यांच्या जागी एक मुलगा येतो अॅक्टिव्हावर, चांगला आहे बिचारा, पण आठवड्यातनं दोनदाच, आणि ते पण दुकानाच्या बाहेरूनच, मॅडम जीपे करून टाका. बँकवाले म्हणतात तर त्याची पण गरज नाही, खात्यातनं रोज आपोआप कापायची सोय आहे. पैसे साठतील हो त्यात, नाही म्हणत नाही. पण आपोआप कापलं जाणाऱ्या पैशाला काय होतं त्या पानावर असं विचारता येत नाही. मुलीनं मोबाईलमध्ये ते सवयीचं अॅप टाकून दिलंय, त्यात रोज केलं की ज्योत पेटते आणि एक दिवस चुकला की शून्य. चारशे दिवस केलं आणि एका दिवशी नणंदेचं ऑपरेशन होतं म्हणून चुकलं तर शून्य? काकांच्या कार्डावर रिकामी जागा राहायची, पण आधीच्या टिका कुणी पुसत नव्हतं.

आमच्या गाळ्यासमोर वडापावचा गाडा आहे, तिथं काम करणारा मुलगा पोलीस भरतीची तयारी करतोय. लेखीचं त्याला भ्या नाही, ग्राउंडचं आहे. १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत आलं तर २० पैकी २० मार्क, १०० मीटर आणि गोळाफेक १५-१५ चे. त्याला सुरुवातीला १६०० ला साडेसात मिनिटं लागायची आणि तो एकदम पाच दहाच्याच गोष्टी करायचा, चार दिवस मरणाचा पळायचा आणि आठ दिवस पाय धरून बसायचा. मी एक दिवस विचारलं, बाळा, रात्री बारापर्यंत गाडा धुतला, सकाळी अंग मोडून आलंय, त्या दिवशी किती पळशील? म्हणाला मावशी, मैदानाला दोन चकरा. म्हणलं मग दोन लिही.

आता रोज साडेचारला तो चहा द्यायला आला की मी विचारते. माझ्याकडं कार्ड नाही म्हणून दुकानाच्या कॅलेंडरवर टिक मारते, सहा महिने झाले. मध्ये गणपतीत अकरा दिवस कोरे आहेत. काल आला तो ६ मिनिटं २ सेकंद म्हणून. मी टिक मारली आणि विचारलं, शेवटच्या चकरेला काय झालं रे? तर म्हणतो चप्पल तुटली. चपलेवर पळतोय हे मला सहा महिन्यांत माहीत नव्हतं. आज बुटाचं बघायचंय.

आपली,
एक वाचक, लोणंद, जि. सातारा